टाऊन हॉल कोणाचा?

कोल्हापुरास जाणारा आमचा शेतकरी वाचक अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, सवड असल्यास नवा राजवाडा पाहतो, चपलांचा एक जोड घेतो आणि गांवची गाडी गांठतो. भाऊसिंगजी रस्त्यालगत बागेच्या झाडींत टोंकदार कमानींची, उतरत्या छपराची आणि निमुळत्या मनोऱ्यांची एक दगडी इमारत उभी आहे, तिच्याकडे त्याचें लक्ष जात नाहीं. गेलेंच तर "हा साहेबाचा टाऊन हॉल" एवढें म्हणून तो पुढें चालूं लागतो. "साहेबाचा" या एका शब्दाशीं आज आमचें भांडण आहे. ही इमारत साहेबाची नव्हे, सरदारांची नव्हे आणि पंडितांची तर मुळींच नव्हे. ती आमच्या वाचकाच्या बापजाद्यांची आहे, आणि आपली वस्तु आपण ओळखीत नाहीं म्हणून ती दुसऱ्याच्या नांवावर चढते, हें आम्हांस आज सांगावयाचें आहे.

एखादी इमारत कोणाची, हें ठरवितांना तीन प्रश्न विचारावे लागतात. ती बांधण्यास पैसा कोणाचा लागला? हात कोणाचे लागले? आणि आज तिच्या पोटांत काय आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें क्रमानें पाहूं.

३० नोव्हेंबर १८७० रोजीं कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परत येतांना इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. त्यांच्या मागें १८७१ सालीं चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. ते अल्पवयी असल्यामुळें कारभाराच्या दोऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं होत्या. त्याच अमदानींत, १८७२ ते १८७६ या वर्षांत, हा टाऊन हॉल उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंजिनियरचा. फ्लॉरेन्स येथें राजाराम महाराजांच्या दहनाच्या जागीं जी छत्री आहे, ती याच मँटसाहेबानें आंखली. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि जेथें आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे ती इमारत, हींहि त्याच्याच आराखड्याचीं कामें. मनुष्य आपल्या कामांत कुशल होता, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु कागदावर रेघ ओढल्यानें भिंत उभी राहत नाहीं.

त्या वर्षांत महाराष्ट्रांत दुसरें काय घडत होतें तें पहा. हॉलचें काम चालूं असतां २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. पुढल्याच वर्षीं, २६ जून १८७४ रोजीं, कागलकर घाटग्यांच्या कुळांत तो मुलगा जन्मला, जो पुढें शाहू छत्रपति म्हणून या गादीवर बसला. आणि हॉल पुरा झाला त्या १८७६ सालींच दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला, ज्यानें पुढचीं दोन वर्षें माणसें आणि गुरें यांचा संहार केला. एकीकडे कमानींवर शेवटचा दगड बसत होता आणि दुसरीकडे रयतेच्या चुली विझत होत्या, असा तो काळ.

तेव्हां पैसा कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर सरळ आहे. संस्थानच्या तिजोरींत जें येतें तें मुख्यतः शेतसाऱ्यांतून येतें. उन्हांत नांगर धरणाऱ्यानें, मोटेच्या दोरीवर बसून बैल मागें सारणाऱ्यानें जें पिकविलें, त्याचा हिस्सा खजिन्यांत गेला आणि खजिन्यांतून दगड-चुन्यांत गेला. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें नेमकें हेंच मांडलें होतें, कीं सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि त्याचें फळ मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत पडतें. त्यांचें तें म्हणणें शिक्षणावरील खर्चाविषयीं होतें. पण टाऊन हॉलासारख्या इमारतींसहि तें पुरेपूर लागू पडतें.

दुसरा प्रश्न हातांचा. खाणींतून दगड वडारानें काढला, पाथरवटानें तो घडविला, गवंड्यानें बसविला. छपराचें लांकूड सुतारानें तासलें आणि त्यास लागणारे खिळे-पट्ट्या लोहारानें ठोकून दिल्या. विलायती पद्धतीची टोंकदार कमान यांपैकीं कोणीं पूर्वीं पाहिली असण्याचा संभव थोडा. तरी नकाशा समजून घेऊन त्यांनीं ती अशी बसविली कीं दीडशें वर्षांनींहि ती उभी आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मँटसाहेब येतो. हा पाथरवट व हा गवंडी येत नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी त्याचें नांव राहतें आणि ज्याच्या हातीं छिन्नी त्याचें नांव पुसतें, हा आपल्या देशांतला जुना रिवाज आहे. इंग्रज आला म्हणून तो बदलला नाहीं.

आतां तिसरा प्रश्न, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. आज या इमारतीच्या पोटांत काय आहे?

टाऊन हॉल ही कल्पना विलायती. शहरांतल्या प्रतिष्ठितांनीं जमावें, सभा भरवाव्या, मानपत्रें द्यावीं-घ्यावीं, यासाठीं असलेली ती जागा. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हें त्या काळीं सांगावें लागत नसे. ज्याच्या अंगावर अंगरखा आणि डोक्यावर पगडी तो आंत; ज्याच्या खांद्यावर घोंगडी तो बाहेर. परंतु या इमारतीचें नशीब निराळें होतें. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याच वर्षीं हा हॉल वस्तुसंग्रहालयास मिळाला. जेथें दरबारी मंडळींच्या खुर्च्या मांडावयाच्या, तेथें कुंभाराचीं खापरें, कांसाराचे पुतळे आणि मणेऱ्याच्या बांगड्या मांडल्या गेल्या. कोणी घोषणा केली नाहीं, कोणी मोर्चा काढला नाहीं. पण आमच्या मतें ही एक लहानशी क्रांतीच झाली.

हें संग्रहालय निघालें कशामुळें, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. कोल्हापूरच्या पश्चिम अंगास पंचगंगेच्या काठीं एक टेंकाड आहे. त्याचें नांव ब्रह्मपुरी. नांवावरून तेथें यज्ञकुंडें आणि पळी-पंचपात्रें निघावींत अशी कोणाची समजूत होईल. १९४४ च्या सुमारास त्या टेंकाडांत जुन्या धातूच्या वस्तु हातीं लागल्या. राजाराम कॉलेजांतील प्रोफेसर कुंदणगार यांनीं त्यांचें मोल ओळखलें. मग १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉक्टर सांकलिया व डॉक्टर दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध खोदकाम केलें. जमिनीच्या थरांखालून सातवाहन काळचें एक नांदतें गांव वर आलें. विटांचीं घरें, मडकीं, मणी, मातीच्या मूर्ति, नाणीं, आणि त्याच्या वरच्या, बहामनी काळच्या थरांत कांचेच्या बांगड्या. नांव ब्रह्मपुरी, पण पोटांत निघाली ती कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची पेठ! या वस्तु ठेवण्यास जागा हवी म्हणून १९४६ सालीं संग्रहालय निघालें आणि तीन वर्षांनीं तें टाऊन हॉलांत आलें.

या वस्तूंत दोन विशेष आहेत. पहिली म्हणजे कांशाची एक वीतभर उंचीची मूर्ति. ती ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, ज्यास ते पोसायडन म्हणत. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं रोमन बादशाहींतील बाजारांतून ती इकडे आली. दुसरी वस्तु म्हणजे कांशाचाच एक हत्ती आणि त्यावर बसलेलीं माणसें. ही घडण आपल्याकडची आहे.

पंडित लोक समुद्रदेवाच्या मूर्तीवर पुष्कळ लिहितात, तें योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांस निराळें पहावयास सांगतों. ही मूर्ति कोल्हापुरास आली कशी? समुद्र ओलांडणें पाप आहे म्हणून पुढें ज्यांनीं धर्मशास्त्रांतून निर्णय काढले, त्यांनीं ती आणली काय? नाहीं. ती खलाशानें आणली. कोंकणच्या बंदरांत ती उतरली. सह्याद्रीचा घाट तिनें बैलाच्या पाठीवर किंवा हमालाच्या डोक्यावर चढला. आणि तिच्या देशच्या व्यापाऱ्यास मोबदल्यांत काय मिळालें? कोष्ट्यानें विणलेलें कापड, शेतकऱ्यानें पिकविलेला माल, कारागिरानें घांसलेले मणी. म्हणजे त्या एका वीतभर मूर्तींत निदान सहा जातींचा घाम आहे. ज्यांस आज "तुमच्या पूर्वजांनीं केलें तरी काय?" असें हिणविलें जातें, त्यांनीं आपलें उत्तर या हॉलांत कांचेच्या कपाटांत ठेवलें आहे. तें जाऊन वाचावें एवढेंच बाकी आहे.

नाण्यांचीहि तीच गोष्ट. या कोल्हापूर प्रांतांत त्या काळीं विळिवायकुर, सिवलकुर अशा नांवांचे राजे होऊन गेले. त्यांचीं नाणीं सापडतात. त्यांवर धनुष्यबाण आहे आणि राजाच्या नांवाआधीं आईकडची ओळख आहे. कोणी गोतमीचा पुत्र, कोणी वासिठीचा, कोणी माढरीचा. आणि भाषा कोणती? संस्कृत नव्हे, प्राकृत. म्हणजे बाजारांत भाजी घेणाऱ्यास कळणारी. राजाचें नाणें रयतेच्या बोलींत असावें, हें त्या राजांस कमीपणाचें वाटलें नाहीं.

येथें आम्हांस दुसऱ्या एका प्रसंगाची आठवण देणें भाग आहे. ज्या पंचगंगेच्या काठीं हें टेंकाड आहे, त्याच पंचगंगेवर १८९९ सालच्या कार्तिकस्नानाच्या वेळीं शाहू छत्रपतींस त्यांच्या स्वतःच्या पुरोहितानें वेदमंत्र म्हणण्याचें नाकारलें; तुम्ही शूद्र, तुम्हांस पुराणोक्त पुरे, असें सांगितलें. हा फरक महाराजांच्या ध्यानांत आणून देणारे राजारामशास्त्री भागवत हे स्वतः ब्राह्मण होते, हें सांगण्यास आम्ही विसरत नाहीं. आमचें वैर माणसाशीं नसून मक्तेदारीशीं आहे. पण नियतीचा खेळ पहा. वर नदींत उभा राहून पुरोहित छत्रपतींचा अधिकार मोजीत होता, आणि हाकेच्या अंतरावर मातीखालीं त्या पुरोहिताच्या मोजमापास न जुमानणारें सबंध गांव निजलें होतें. तें जागें होण्यास आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं.

छत्रपतींनीं त्या अपमानाचें काय केलें, तें आमच्या वाचकांस पाठ आहे. १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहें काढलीं. २६ जुलै १९०२ रोजीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम काढला. १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. विद्येच्या वाड्याचा दरवाजा त्यांनीं उघडला. संग्रहालय हें त्या विद्येचेंच दुसरें दालन आहे, आणि एका दृष्टीनें तें शाळेहूनहि सोयीचें. शाळेंत शिरण्यास अक्षर लागतें. येथें डोळे पुरतात. खापराचा तुकडा शास्त्र्यापेक्षां कुंभारास अधिक वाचतां येतो. माती कोणती, चाकावर घडविलें कीं हातानें, भट्टी किती तापली होती, हें तो बोटानें टिचकी मारून सांगेल. दोन हजार वर्षांपूर्वींच्या आपल्या भाऊबंदाचें पत्र तो असें वाचील कीं प्रोफेसरानें वही काढून टिपून घ्यावें.

इमारतींचे मालक बदलतात, हें कांहीं एकट्या कोल्हापुरांतच घडलें असें नाहीं. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ सालीं पुरा झाला आणि तेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय बसलें. ज्या देशाच्या विद्येचा अभ्यास करण्यास ती मंडळी जमली होती, त्या देशाच्या माणसास सभासद करून घेण्यास मात्र १८४० साल उजाडावें लागलें. आज तेथें आमचा कोणीहि विद्यार्थी जाऊन बसूं शकतो. पुण्यास म्युनिसिपालिटीनें मोठा खर्च करून बाजाराची इमारत बांधण्याचें ठरविलें, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणून जोतीरावांनीं विरोध केला. इमारत झालीच, १८८६ सालीं तीस गव्हर्नर रे साहेबाचें नांव पडलें. आज तीच महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्यानें विरोध केला त्याचेंच नांव शेवटीं तिच्यावर राहिलें. यांतून घेण्याचा धडा हा, कीं दगडांस आपला असा कोणताहि पक्ष नसतो. आंत कोण शिरतो आणि कोणाची गोष्ट सांगितली जाते, यावर इमारत कोणाची तें ठरतें.

आमच्या या म्हणण्यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. कांहीं तरुण म्हणतील, परक्या राज्यकर्त्यांच्या या खुणा आम्हांस कशाला? त्यांस आमचें उत्तर असें, कीं रयतेच्या पैशानें व पाथरवटाच्या हातानें झालेली वस्तु साहेबाची म्हणून सोडून देणें म्हणजे त्या पाथरवटास दुसऱ्यांदा विसरणें होय. दुसरीकडून कोणी विद्वान म्हणतील, संग्रहालय हें संशोधकांचें स्थान आहे, तेथें गर्दी जमवून काय उपयोग. आणि जुन्या कारागिरांचीं नांवेंच ठाऊक नाहींत तर तीं आणणार कोठून? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यास नीट उत्तर दिलें पाहिजे.

नांव जेथें खरोखर हरवलें आहे तेथें तें बनवून लिहावें, असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. खोटीं पुराणें रचणें हा दुसऱ्यांचा धंदा. तो आपण उचलूं नये. पण नांव नसलें तरी काम दिसतें. "कांशाचा हत्ती, सातवाहन काळ" एवढें लिहिणें निराळें, आणि हा हत्ती ओतण्यास धातु कसा मिसळला, सांचा कसा झाला, भट्टी कोणीं पेटविली, हें लिहिणें निराळें. पहिल्या पाटींत राजाचा काळ दिसतो. दुसरींत माणूस दिसतो. आणि कारागिराचें नांव लिहिण्याची चाल आपल्याकडे नव्हतीच असेंहि नाहीं. याच कोल्हापुरांत एकोणिसाव्या शतकांत एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांत ब्राह्मी अक्षरांचा लेख असलेला करंडक सापडला. त्यावर दान देणाराचें नांव तर आहेच, पण तें काम ज्यानें तडीस नेलें त्या धम्मगुत्ताचेंहि नांव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं या मातींत जी दानत होती, ती आज दाखविण्यास आपणांस हरकत कोणती?

शिवाय सगळींच नांवें हरवलेलीं नाहींत. छत्रपतींच्या आश्रयास असलेला चित्रकार आबालाल रहिमान याचीं चित्रें या संग्रहालयांत आहेत. कारागीर घराण्यांतल्या बाबूराव पेंटरांनीं याच शहरांत स्वतःच्या हातांनीं सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. एक मुसलमान, एक मेस्त्री. आणि दोघांनीं मिळून करवीरचें नांव देशभर केलें. अशा माणसांची परंपरा ब्रह्मपुरीच्या मातीपासून त्यांच्या कुंचल्यापर्यंत एका धाग्यांत ओंवून दाखविली, तर पाहणाऱ्या पोराच्या छातींत जें भरेल, तें दहा व्याख्यानांनीं भरणार नाहीं.

म्हणून संग्रहालयाचा कारभार पाहणाऱ्या राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि आमच्या समाजाकडे आम्ही पुढील मागण्या करतों.

पहिली : प्रत्येक वस्तूची हकीकत सोप्या मराठींत, खेड्यांतून आलेल्या सातवीच्या मुलास एका वाचनांत कळेल अशी लिहिलेली असावी. त्यांत ती वस्तु कोणत्या धंद्याच्या माणसानें कशी केली, हें आलेंच पाहिजे.

दुसरी : खुद्द इमारतीचीहि एक पाटी असावी. तीवर मेजर मँटचें नांव खुशाल असावें; पण त्याच्या जोडीस हा हॉल संस्थानच्या रयतेच्या पैशानें आणि येथल्या पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार, वडार यांच्या हातांनीं झाला, हें वाक्यहि असावें. जुन्या दप्तरांतून मक्तेदारांचीं, मिस्त्रींचीं नांवें शोधण्याचें काम एखाद्या कॉलेजनें विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावें.

तिसरी : वर्षांतून कांहीं दिवस कुंभार, कांसार, कोष्टी, चांभार, सोनार यांस मानानें बोलावून त्यांच्या धंद्याच्या वस्तु त्यांच्याच तोंडून लोकांस समजावून द्याव्यात. त्यांस येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्यावी. पंडितास मानधन आणि कारागिरास नुसती शाबासकी, हा प्रकार आतां बंद व्हावा.

चौथी मागणी सरकाराकडे नाहीं, ती वाचकहो, तुमच्याकडे आहे. सरकारनें पाटी लावली आणि वाचावयास कोणी आलेंच नाहीं, तर दोष कोणाचा? यात्रेस, लग्नाच्या बस्त्यास, कोर्टाच्या तारखेस आपण कोल्हापुरास जातोंच. त्याच खेपेस तासभर काढून मुलाबाळांसह या हॉलाची पायरी चढा. घरांतल्या बायकांस बाहेर बांकावर बसवून पुरुषांनीं तेवढें आंत फिरून येऊं नये. त्या बांगड्या आणि तीं मडकीं त्यांनाच आधीं ओळखूं येतील. आंत कोणी शहरी गृहस्थ इंग्रजींत बोलत उभा असेल, तर बिचकूं नका. तो पाहुणा आहे, तुम्ही घरचे आहां. मुलानें विचारलें, "हें कोणाचें?" तर "राजाचें" असें सांगूं नका, "साहेबाचें" असेंहि सांगूं नका. मडक्यापुढें उभें राहून "हें आपल्या कुंभाराचें" म्हणा, दगडी कमानीखालीं उभें राहून "ही आपल्या पाथरवटाची" म्हणा. वारसा कागदावर चढण्याआधीं तोंडावर चढावा लागतो.

पंचगंगेकांठच्या मातीनें दोन हजार वर्षें सांभाळून ठेवलेली आपली इस्टेट टाऊन हॉलांत आणून मांडलेली आहे. तिच्यावर वारस म्हणून हक्क सांगण्यास कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं. हॉलाची चढली म्हणजे पुरे.